डावी मोकळी?

“सायरन वाट मागतो, पोरी. वाट देत नाही.”

मोठ्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा ती हसली होती. मोठ्या बाई म्हणजे अग्निशमन दलाच्या प्रशिक्षण केंद्रात बंब चालवायला शिकवणाऱ्या बाई. उंचीनं एवढ्याशा, पण आवाज असा की सायरननं शरमावं. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांत ही एकटीच मुलगी, आणि एकटीच कॉलेज केलेली. वाहतुकीचा कायदा तिला तोंडपाठ होता.

“पण बाई, आगीच्या वर्दीवर निघालेल्या गाडीला सिग्नल लागू नाही. कायद्यानं रस्ता आपलाच असतो की.”

“असतो ना! कायदा अगदी तुझ्या बाजूनं आहे,” बाई म्हणाल्या. “पण समोरच्या ट्रकचा ब्रेक कायद्यानं लागत नाही, पायानं लागतो. तो पाय कोणाचा, जागा आहे की पेंगतोय, तुला काय माहीत? म्हणून लाल दिसला की थांबायचं. हळू करायचं नाही, थांबायचं. चाक थांबलं पाहिजे. मग एकेक पट्टा बघून ओलांडायचा. आणि तुझी डावी बाजू तुला दिसत नाही, ती शेजारच्याला विचारायची. त्यानं मोकळी म्हटल्याशिवाय हलायचं नाही.”

तिनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, लाल दिव्याला थांबायचं तर बंब कशाला, सायकलच बरी. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

पुढे तिला एका अग्निशमन केंद्रातल्या पहिल्या गाडीचं चाक, म्हणजे स्टिअरिंग, मिळालं. पहिली गाडी म्हणजे वर्दी, आगीची खबर, आली की सगळ्यांच्या आधी बाहेर पडणारी. त्या चाकावर बसायला माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात. हिच्या हातात एवढं मोठं धूड लोण्यासारखं वळायचं, म्हणून ते तिला लवकर मिळालं. लाल दिवा असो की हिरवा, ती सायरन लावायची, वेग थोडा कमी करायची आणि फट दिसली की घुसायची. सगळेच तसं करायचे. लोकही बाजूला व्हायचे. रोज लोक बाजूला होत असले की माणसाला वाटायला लागतं, आपल्यासाठी रस्त्यांना दारं आहेत आणि ती आपोआप उघडतात.

घरी मात्र हीच बाई वेगळी. टिचकीच्या, म्हणजे लेकीच्या औषधाचा चमचा तीनतीनदा उजेडात धरून बघायची. पोर गाढ झोपली तरी नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, याची खात्री करायची. सासूबाई म्हणायच्या, “बाहेर बंब उडवतेस आणि घरात चमच्याला भितेस. तुझा जीव नेमका राहतो कुठं गं?”

तो कुठं राहतो ते तिला बाजार चौकात कळलं.

सकाळची गर्दीची वेळ. एका इमारतीतून धूर येतोय अशी वर्दी. चौकात लाल दिवा होता, पण आडव्या रस्त्यावरची बस थांबली, तिच्या पलीकडची टॅक्सी थांबली. चौकातला पोलीस हात करून म्हणत होता, या, या. ती गेली. टॅक्सीच्याही पलीकडे एक तिसरा पट्टा होता, आणि त्या पट्ट्यावरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला बसनं बंब पूर्ण झाकला होता. बस का थांबली हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या दृष्टीनं दिवा हिरवा होता.

तिनं ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी थांबवली. स्कूटरचा आरसा बंपरला घासून मोडला आणि रस्त्यावर पडला. स्कूटरवाल्याच्या पुढ्यात एक लहान मुलगी उभी होती, पिवळी टोपी घातलेली. ती रडली नाही. बंबाच्या काचेतून दिसणाऱ्या या बाईकडे तिनं मान वर करून पाहिलं, आणि ‘काय मोठी गाडी आहे!’ असं तोंड केलं.

धूर निघाला तो गॅसवर विसरलेल्या पातेल्याचा. घरमालकानं पातेलं टबात बुडवून कधीच विझवलं होतं.

परत येताना गाडीत सगळे म्हणाले, काही झालं नाही ना, झालं तर मग. साहेबही तेच म्हणाले. साहेब म्हणजे केंद्राचे अधिकारी. पहिल्या गाडीत तिच्या डाव्या हाताला बसायचे. मागच्या सीटवरून गप्प्या म्हणाला, “काळ आला होता पण वेळ आली नव्हती. वेळेला पण आपल्यासारखीच ट्रॅफिक लागली असेल!” गप्प्या हा फायरमन. दिवसात एकदाही गप्प बसत नाही म्हणून त्याचं नाव गप्प्या. सगळे हसले. हसू आलं की भीती पातळ होते, म्हणून त्यांच्या धंद्यात माणसं हसतात. त्यांचं चुकलं असं नाही.

संध्याकाळी घरी टिचकीच्या झबल्याचं बटण तिला लावता येईना. बोटं ऐकतच नव्हती. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्याचं काम करतो; कामावरून येऊन तो हात धूत होता. त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. खाली बसला, बटण लावलं, आणि मग म्हणाला, “काय झालं?”

“काहीच नाही झालं.”

“मग हात का थरथरतात?”

“काहीच नाही झालं म्हणूनच,” ती म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “सोडायचं का हे काम?”

“नाही,” ती म्हणाली. एवढ्या पटकन, की तिलाच नवल वाटलं. “काम नाही सोडायचं. पद्धत सोडायची.”

आतून सासूबाईंचा आवाज आला. “ऐकलं बरं का मी. पद्धत सोड, पण आधी वरण गॅसवरून उतरव, नाहीतर तुमचीच गाडी बोलवावी लागेल.”

दुसऱ्या दिवसापासून तिनं थांबायला सुरुवात केली. लाल दिवा असला की बंब उभा. सायरन चालू, दिवे चालू, चाक थांबलेलं. मग ती विचारायची, “साहेब, डावी?”

पहिल्या वेळी साहेबांना कळेना ही कोणाची डावी विचारते आहे. ते वायरलेसवर पत्ता विचारत होते. ती पुन्हा म्हणाली, “डावी मोकळी आहे का? मला तिकडचं दिसत नाही.” साहेबांनी मान वळवली, चिडून म्हणाले, “मोकळी, मोकळी, चल.” पुढच्या चौकात पुन्हा तेच.

केंद्रात दोन दिवसांत याची कीर्ती झाली. चहाची किटली फिरली की गप्प्या कप पुढे करून विचारायचा, “डावी मोकळी?” संडासाच्या दाराबाहेर कोणी ओरडायचं, “डावी मोकळी?” तिला सगळे ‘ताई’ म्हणायचे, आता ‘थांबाताई’ म्हणायला लागले. ती म्हणायची, “म्हणा. दोन अक्षरं जास्त बोलल्यानं तुमच्या घशाला व्यायाम होतोय.” पण थांबणं सोडलं नाही.

सगळ्यात जास्त हसायचा तो वादळ. वादळ हा नदीपलीकडच्या केंद्राच्या पहिल्या गाडीचा चालक, तिच्याहून वयानं बराच मोठा. मोठी आग असली की दोन्ही केंद्रांच्या गाड्या निघायच्या, आणि नेहमी वादळच आधी पोचायचा. ही पोचली की तो नळी उलगडत हाक मारायचा, “या थांबाताई, या! आग विझली, पण तुमच्यासाठी थोडा धूर ठेवलाय!”

इथवर सगळी थट्टाच होती. मग एक दिवस साहेबांनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“हे बघ, तू हुशार आहेस, हात चांगला आहे. पण वरून विचारणा होते आहे, तुमची गाडी मागं का पडते. माझ्याकडे उत्तर नाही. असंच चाललं तर मला तुला पाण्याच्या टँकरवर टाकावं लागेल. पहिल्या गाडीला पोचणारा माणूस लागतो.”

टँकर म्हणजे सगळ्यांच्या मागून रमतगमत जाणारी गाडी. ती शिक्षा नव्हती, पण सगळे तिला शिक्षाच समजायचे. थांबायचं की चाक सोडायचं, एवढंच आता तिच्यासमोर होतं.

“साहेब, पोचणाराच माणूस लागतो, बरोबर,” ती म्हणाली. “मी वाटेत धडकले तर त्या आगीजवळ कोण पोचणार? वर आणखी एक गाडी आमच्यासाठी पाठवावी लागेल.”

“अगं, लोक सायरन ऐकून थांबतात!”

“ऐकू आला तर.”

“बंबाचा सायरन ऐकू येणार नाही? बहिरे आहेत का लोक?”

“उद्या सकाळी माझ्याबरोबर जरा बाहेर बसा. थोडा वेळच. मग टँकरवर टाका, मी हूं की चूं करणार नाही.”

सकाळी रोज अंगणात सायरन वाजवून बघतात. दुसऱ्या दिवशी त्या वेळी ती साहेबांना घेऊन फाटकाबाहेरच्या रस्त्यावर आली. तिथं तिनं नणंदेची मोटार मागून आणून उभी केली होती, फाटकाकडे पाठ करून. दोघं आत बसले. तिनं काचा वर केल्या, पंखा सोडला, गाणी लावली, रोज माणसं ऐकतात तेवढ्याच आवाजात. मग तिनं साहेबांच्या गुडघ्याची चौकशी केली. आता साहेबांच्या गुडघ्याची चौकशी करणं म्हणजे धरणाचं दार उघडणं. डॉक्टर काय म्हणाला, मलम कुठलं, जिना कसा चढवत नाही, हे सगळं रंगात आलेलं असताना त्यांच्या खिडकीशेजारून एक लालभडक भिंत सरकली. साहेब सीटवरून उडाले.

“अरे! हा कुठून आला?”

“आपलाच आहे, साहेब. फाटकातून आलाय. सायरन केव्हाचा चालू आहे.”

बंबाच्या खिडकीतून गप्प्यानं सलाम ठोकला. साहेबांनी गाणी बंद केली. “म्हणजे मी...” ते म्हणाले, आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. मग दार उघडून उतरले, वाकून आत बघत म्हणाले, “माझी डावी मी बघेन. पण उशीर तो उशीरच. मोठ्या वर्दीला आपण मागं पडलो आणि काही बरंवाईट झालं, तर मी तुला वाचवू शकणार नाही, एवढं लक्षात ठेव.”

“ठेवलं,” ती म्हणाली.

ती मोठी वर्दी यायला फार दिवस लागले नाहीत. दुपारी, जेवणाची ताटं अजून उचलायची होती तेव्हा, केंद्रातली घंटा झाली. लाकडी सामान बनवणारा कारखाना, पॉलिशच्या डब्यांनी पेट घेतलाय, आत माणसं आहेत. दोन्ही केंद्रांना वर्दी. सगळे धावले. ती चाकावर बसली, साहेब डावीकडे, मागे गप्प्या आणि इतर जवान.

रस्त्यावर धुराचा काळा खांब लांबूनच दिसत होता. गप्प्या आज थट्टा करत नव्हता. “ताई, आत माणसं आहेत,” एवढंच तो एकदा म्हणाला. ‘थांबाताई’ म्हणाला नाही, आणि तेच तिला जास्त जड गेलं.

दोन चौक गेले. दोन्ही ठिकाणी ती थांबली, साहेबांनी डावी बघितली, ती गेली. जिथं रस्ता सरळ होता तिथं तिनं गाडी पळवली. ती काही भित्री चालक नव्हती. कारखान्याच्या अलीकडचा शेवटचा चौक आला. हा मोठा चौक. डावीकडून पुलाचा रस्ता येतो, आणि त्या कोपऱ्यावर एक उंच जाहिरातीची भिंत आहे, तिच्यामुळे पुलावरून उतरणारं काहीच दिसत नाही. दिवा लाल होता, पण सगळ्या गाड्यांची रांग थिजल्यासारखी उभी होती. इतका मोकळा चौक तिनं कधी पाहिला नव्हता. जणू सतरंजी अंथरली होती. पलीकडे धूर.

तिनं गाडी उभी केली.

“चला, चला!” मागून कोणी तरी ओरडलं. “सगळे थांबलेत की!”

“साहेब, डावी?”

साहेब वायरलेसवर होते. कारखान्यातून कोणी तरी ओरडून सांगत होतं, दुसऱ्या मजल्यावर दोघं अडकलेत. साहेबांनी कानाशी धरलेला वायरलेस न काढता हात हलवला: चल.

तिला तो हात दिसला. पण त्या हाताच्या मागं साहेबांचं तोंड वायरलेसकडे होतं, खिडकीकडे नव्हतं. हात बघत नसतो, डोळे बघतात. ती हलली नाही. आणि तेवढ्यात तिला एक गोष्ट खटकली. डाव्या कोपऱ्यावर एक रिक्षावाला थांबला होता. सायरन ऐकून थांबलेला माणूस सायरनकडे बघतो. बंबाकडे बघण्याची हौस कोणाला नसते? हा मात्र तिच्याकडे बघत नव्हता. तो मान वळवून मागं बघत होता. त्याच्या शेजारचा मोटारवालाही मागं. पुलाकडे.

तिनं सायरन बंद केला.

आणि सायरन वाजतच राहिला.

“साहेब, हा आपला नाही,” ती म्हणाली.

तिचं वाक्य पुरं होतं न होतं तोच भिंतीआडून वादळाचा बंब सुटलेल्या दगडासारखा आला. त्याचा दिवा हिरवा होता, सगळे थांबलेले होते, समोर मोकळा चौक होता. त्याचीही सतरंजी अंथरलेली होती. तिच्या गाडीच्या नाकासमोरून, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून, तो गेला. वादळानं तिला पाहिलं ते अगदी अखेरच्या क्षणी. ब्रेक लागले, मागचा भाग फेकला गेला, टायर किंचाळले, आणि चौक ओलांडून पुढे तो बंब तिरका होऊन थांबला. रबराचा वास केबिनमध्ये भरला.

 

साहेबांनी वायरलेस मांडीवर ठेवला. मग खिडकीतून मान पूर्ण बाहेर काढून त्यांनी पुलाच्या रस्त्याकडे पाहिलं, पाहतच राहिले, आणि म्हणाले, “डावी मोकळी.”

“मोकळी,” तिनं उत्तर दिलं, आणि गाडी काढली. वादळाचीही गाडी सरळ होऊन पुढे निघाली. आत माणसं होती, थरथरायला नंतर वेळ होता.

आगीचं फार सांगत नाही. आग आगीसारखीच होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघांना शिडीनं उतरवलं. एकाच्या हाताला भाजलं होतं, दुसरा खाली उतरल्यावर आपल्या चपला शोधत होता. कारखान्याचा अर्धा भाग वाचला. कोण आधी पोचलं हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही, कारण दोन्ही गाड्या एकदमच पोचल्या होत्या. दोन गाड्यांची एक मोडलेली गाडी होऊन चौकात पडली असती, तर शिडी कोणी लावली असती, हा प्रश्न मात्र तिच्या मनात सारखा घोळत होता. साहेबांच्याही मनात घोळत असावा. नळ्या गुंडाळताना ते तिच्याजवळ आले आणि म्हणाले, “टँकरचं मी काही बोललो होतो का?”

“बोलला होतात.”

“मग विसर,” ते म्हणाले, आणि गुडघा चोळत निघून गेले. त्या दिवसानंतर चौक आला की वायरलेस खाली ठेवून, तिनं विचारायच्या आत, ते मान बाहेर काढायला लागले.

वादळ मात्र आपल्या केबिनमधून उतरला नाही. चाक धरूनच बसला होता. त्याची माणसं काचेवर टकटक करून म्हणाली, “काय वादळ, शमलं का?” तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. ती पायरीवर चढून खिडकीपाशी गेली.

“दादा, ठीक आहात ना?”

“मला वाटलं तो माझाच आवाज आहे,” तो म्हणाला. तिच्याकडे न बघता. “दोन सायरन होते, आणि मला एकच ऐकू येत होता. माझा.”

“मलाही एकच ऐकू येत होता. म्हणून तर बंद केला.”

“तू थांबली होतीस म्हणून जमलं.” मग कोणीतरी हाक मारली म्हणून त्यानं तिकडे मान वळवली, आणि बोलणं तिथंच राहिलं.

साहेबांना तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, दोन केंद्रांच्या गाड्या एकाच वर्दीला निघाल्या, की कोण कुठल्या रस्त्यानं येतंय ते वायरलेसवर एकमेकांना सांगायचं, आणि शेवटच्या चौकात कोण आधी जाणार तेही ठरवायचं. साहेबांना पटलं. पण पलीकडच्या केंद्राच्या माणसांना ते पटायला हवं, आणि त्यांना ते पटवणारा एकच माणूस होता, वादळ. तो रजेवर गेला होता. पाठ दुखते म्हणे.

“काही झालं नाही ना त्याला?” तिनं पलीकडच्या केंद्रात फोन करून विचारलं.

“छे, काही झालं नाही. गाडीला ओरखडाही नाही,” तिकडचा माणूस म्हणाला. “पाठ आहे, येईल दोन दिवसांत.”

दोन दिवस झाले, चार झाले. सुटीच्या दिवशी तिनं टिचकीला कडेवर घेतलं आणि वादळाच्या घरी गेली. सासूबाई म्हणाल्या, “पोरीला कशाला नेतेस?” ती म्हणाली, “पोर बघितली की माणूस दार लावून घेत नाही.”

दार वहिनींनी, म्हणजे वादळाच्या बायकोनं उघडलं. स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाल्या, “पाठबीठ काही नाही. पाठ दुखणारा माणूस मुलांना शाळेत सोडायला तीन गल्ल्या फिरून जातो का? चौकातून जायलाच तयार नाहीत. विचारलं तर म्हणतात, काही झालं नाही.”

वादळ आतल्या खोलीत बसला होता. टिचकीला त्यानं मांडीवर घेतलं आणि तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. टिचकी जुडगा तोंडात घालू लागली, आईनं तो काढून घेतला, वादळानं पुन्हा दिला.

“भित्री आहे तुझी आई,” तो टिचकीला म्हणाला.

“आहेच,” ती म्हणाली. “दादा, मी स्पष्ट बोलते. मला तुम्ही हवे आहात. तुमच्या केंद्रात उभं राहून तुम्हीच सांगायचं, त्या चौकात काय झालं ते. मी सांगितलं तर म्हणतील, थांबाताईचं तुणतुणं. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.”

“हसतील. म्हणतील, वादळाची फुंकर झाली.”

“मला हसत होते की. आणि सगळ्यात जोरात कोण हसत होतं, आठवतं का?”

तो पहिल्यांदा खरं हसला. मग हसू ओसरलं. टिचकीच्या तोंडाकडे चाललेल्या किल्ल्या त्यानं हलकेच खाली केल्या. मग म्हणाला, “एक सांगू ताई? त्या दिवसापासून सगळ्यांनी विचारलं. गाडीला लागलं का, टायर बदलायचे का, ब्रेक बघून घेतले का. आमच्या साहेबांनी विचारलं, गॅरेजवाल्यानं विचारलं. तुला लागलं का असं कोणी विचारलं नाही. आणि लागलं तर काहीच नव्हतं, मग मीही काय सांगणार?”

“मी विचारते आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला काय झालं?”

त्याचं उत्तर इथं लिहायचं नाही. ते त्याचं आहे. पण ते लांबलचक होतं, वहिनींनी दोनदा चहा केला, आणि टिचकी किल्ल्या मुठीत धरूनच त्याच्या मांडीवर झोपून गेली. उठताना तो म्हणाला, “सोमवारी येतो कामावर. बोलतो त्यांच्याशी. हसले तर हसले.”

सोमवारी तो येईल असं तिला वाटतं. नाही आला तर ती पुन्हा जाईल, टिचकीला घेऊन, आणि त्याच्याही नंतर पुन्हा. चौकात थांबणं तिनं सोडलं नाही, तसं हेही सोडणार नाही.

आणि तुमच्याकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात किंवा कामावर असा एखादा माणूस असेल, जो नुकताच थोडक्यात वाचला, ज्याला खरचटलंसुद्धा नाही, म्हणून सगळे ‘काही झालं नाही ना’ म्हणून मोकळे झाले. बंब चालवणारा असेलच असं नाही. रिक्षा चालवणारा असेल, शाळेची बस चालवणारी असेल. तो नेहमीपेक्षा गप्प आहे का, वळसा घालून जातो का, हे जरा बघा. आज शक्य असेल तर आजच जा. गाडीचं विचारू नका. त्याचं विचारा.